आधी समोरच्याचं, मग आपलं

प्रा. तेरेझा तायडे यांच्या वर्गात मी पहिल्यांदा जाऊन बसलो, ते काही तत्त्वज्ञानाच्या ओढीने नव्हे. राज्यशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयातल्या कारकुनांनी "तत्त्वज्ञान घेऊन टाक, तिथं गर्दी नसते" असा व्यवहारी सल्ला दिला होता. भातकुलीजवळच्या खेड्यातून मी रोज एसटीने येत असे आणि मला सगळेच विषय सारखे अवघड होते. मॅडम वर्गात आल्या. साधी सुती साडी, गळ्यात बारीक साखळीत एक छोटा क्रूस. हजेरी घेतली नाही, स्वतःची ओळख करून दिली नाही. एकदम विचारलं, "चोरी का करू नये?"

कोणी म्हणालं, पोलीस पकडतात. "पोलीस नसतील तर?" दुसरा म्हणाला, देव पाहतो. "आणि जो देव मानत नाही, त्यानं करावी का?" हा प्रश्न थेट आमच्या घरावरच आला होता, म्हणून मी उभा राहिलो. "मॅडम, आमी बौद्ध हाओत. आमच्या घरी देव नाई. पन माय चोरी करू देत नाई."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "काय म्हणतात तुमच्या आई?"

"माय म्हन्ते, तुयं कोनी नेलं तं तुले कसं वाटते? समजते नं? मंग झालं."

मॅडमनी हातातला खडू टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "वर्षभराचा अभ्यासक्रम यांच्या आईंनी सांगून टाकला. त्या बरोबर का आहेत, तेवढं शोधायचं आता आपल्याकडे राहिलं."

त्या दिवसापासून आमची आई तत्त्वज्ञान विभागाची झाली. पुढे कितीतरी वर्षं मॅडमच्या व्याख्यानात "भातकुलीच्या आई" येत राहिल्या. ज्या पोरांनी तिला कधी पाहिलं नाही, त्यांनी परीक्षेत तिचा दाखला दिला. पुढे आईची नि मॅडमची गाठ पडली तेव्हा आईनं सरळ विचारलं, "बाई, माहं नाव कावून घेता हो तुमी वर्गात?" मॅडम म्हणाल्या, "तुमचा आधार घेते." आई म्हणाली, "घ्या मंग. पन आमच्या विलासले पास करा." दोघींची त्या दिवशी जी गट्टी जमली ती कायमची. थंडीत हुरड्याला मॅडम आमच्या शेतावर यायच्या आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीखाली दोघी तास न् तास बोलत बसायच्या. काय बोलत, ते आम्हाला कधी कळलं नाही. मधूनमधून आईचं हसणं मात्र ऐकू यायचं.

मॅडमचा विषय म्हणजे कॅथलिक नीतिविचार, आणि त्यातही नैसर्गिक नीतिनियम. नाव ऐकूनच माणूस घाबरतो. पण मॅडमनी तो विषय वऱ्हाडच्या पोरांना पचेल असा करून वाढला. त्यांचं मूळ म्हणणं साधं आहे. भलं करावं, वाईट टाळावं, हे माणसाच्या बुद्धीत आधीपासूनच आहे. ते कोणा एका धर्माच्या मालकीचं नाही. पोथी असो-नसो, जो विचार करू शकतो त्याला ते दिसू शकतं. मॅडम स्वतः श्रद्धेनं सांगतात की ही बुद्धी देवानं दिली. पण लगेच पुढे म्हणतात, "दिवा कोणी लावला यावर आपण भांडू. उजेडात काय दिसतं, ते तरी आधी मिळून पाहू या."

'नैसर्गिक' या शब्दानं गडबड व्हायचीच. एकदा चांदूर बाजारच्या एका विद्यार्थ्यानं उठून विचारलं होतं की मेळघाटातला वाघ हरणाला फाडून खातो, हे नैसर्गिकच आहे, मग माणसानं माणसाला का खाऊ नये? मॅडम म्हणाल्या, "बाप्पा, तो वाघ कधी थांबून विचारतो का, हरणाला कसं वाटत असेल म्हणून? तुम्ही आत्ता विचारलंत. तो तुमचा निसर्ग." पोरगं खाली बसलं. ते आज वकिली करतं आणि चांगली करतं.

सद्सद्विवेकबुद्धीबद्दल तर त्या फारच कडक. "माझ्या मनाला पटलं" असं कोणी म्हटलं की मॅडमची भुवई वर जायची. "पटलं, की आवडलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. विवेकाचा निर्णय माणसानं पाळलाच पाहिजे, जगात कोणीही अडवलं तरी पाळला पाहिजे, हे त्या ठासून सांगतात. पण त्याच दमात हेही सांगतात की विवेकाला शिकवावं लागतं, माहिती द्यावी लागते, दुसऱ्याचं ऐकवावं लागतं. न शिकवलेल्या विवेकाला त्या सरळ हेका म्हणतात. विवेकाच्या नावाखाली हेका चालवणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. बहुतेकांच्या घरात एखादं असतं आणि आरशातही अधूनमधून दिसतं.

या शिकवण्याची त्यांची एक पद्धत आहे आणि मॅडमना ओळखायचं तर तीच ओळखली पाहिजे. जुन्या काळच्या कॅथलिक विद्यापीठांत रिवाज होता की प्रश्न मांडला की आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप मांडायचे, आणि तेही पूर्ण ताकदीनं. आपल्याकडे यालाच पूर्वपक्ष म्हणतात. मॅडमनी या दोन्हींचं वऱ्हाडी भाषांतर केलं, "आधी समोरच्याचं, मग आपलं." त्यांच्या घरच्या व्हरांड्यात शनिवारी दुपारी जी बैठक भरते, तिचा हा एकच कायदा. तुम्हाला कोणाचं खोडायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं तुम्ही मांडायचं. ते ऐकून त्यानं "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हटलं, तर आणि तरच पुढे बोलायचं. "नाही" म्हणाला तर पुन्हा मांडायचं. बैठकीतली माणसं यामुळे सुरुवातीला फार चिडतात. आलूबोंडे थंड होतात, माणसं गरम होतात. पण हळूहळू लक्षात येतं की आपण वर्षानुवर्षं ज्या म्हणण्याशी भांडत होतो, ते समोरच्यानं कधी मांडलंच नव्हतं.

या पद्धतीत एकदा मोठी गंमत झाली. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक देशमुख सर हे बैठकीतले पक्के नास्तिक. मॅडमचे नि त्यांचे वाद म्हणजे दोन जुन्या पैलवानांची कुस्ती. त्या शनिवारी कायद्याप्रमाणे ईश्वराच्या बाजूनं देशमुख सर बोलत होते आणि मॅडम नास्तिकांचा पक्ष मांडत होत्या. शहरात नव्यानं बदलून आलेले एक तरुण फादर मॅडमना भेटायला म्हणून आले आणि मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत राहिले. बैठक संपल्यावर त्यांनी देशमुख सरांचे दोन्ही हात धरले आणि रविवारी चर्चमधल्या मुलांना धर्मशिक्षण द्यायला याल का, म्हणून विनंती केली. मग चिंताग्रस्त चेहऱ्यानं हळूच विचारलं, "आणि या बाईंची श्रद्धा कधीपासून गेली?" देशमुख सर हसून हसून खोकायला लागले. मॅडमना मात्र हा आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा सन्मान वाटतो. आम्ही आज या गौरवग्रंथानं करतो आहोत तो सत्कार त्याच्या खालोखाल असावा.

आता या ग्रंथाविषयी. मॅडमची पंच्याहत्तरी ग्रंथ काढून साजरी करायची असं आम्ही ठरवलं तेव्हा त्यांनी आधी हात जोडून नकोच म्हटलं, आणि फार आग्रह झाल्यावर एक अट घातली. "जो कोणी लिहील, त्यानं आधी माझ्याविरुद्धचं म्हणणं लिहावं. नीट लिहावं, पोचट नको." गौरवग्रंथाच्या इतिहासात अशी अट कोणी घातली असेल असं मला वाटत नाही. संपादक मंडळ हवालदिल झालं. काहींनी "मॅडम स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देत नाहीत" असे लबाड आक्षेप पाठवले. मॅडमनी ते परत धाडले.

म्हणून मीही माझं कर्तव्य करतो. पहिला आक्षेप देशमुख सरांचा आहे. ते म्हणतात, तायडे मॅडम बुद्धीची गाडी कोणत्याही रस्त्यानं काढोत, ती शेवटी त्यांच्या चर्चच्या फाटकाशीच कशी थांबते? शुद्ध बुद्धी इतकी आज्ञाधारक असते का? आक्षेप वजनदार आहे. मॅडमचं उत्तरही मला ठाऊक आहे. गाडी दर वेळी तिथं थांबत नाही हे त्या दाखवून देतात, आणि जिथं थांबते तिथं रस्ता तपासा, फाटक पाहू नका, असं म्हणतात. या दोघांचा निकाल लागेल असं मला वाटत नाही आणि लागूही नये. लागला तर शनिवारी दुपारी आम्ही जायचं कुठं?

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञाच्या तोंडचा नाही. तो माझ्या थोरल्या भावाचा, प्रकाशदादाचा आहे. तो सांगायचा तर आईच्या शेवटच्या आजारपणाचं सांगावं लागेल.

दादा गावी शेती करतो. आई त्याच्याच जवळ असायची. मी नोकरीनिमित्त अकोल्याला. काही वर्षांपूर्वी आईच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. दादानं तिला अमरावतीच्या एका दवाखान्यात आणलं, मीही धावत आलो. ती काही शुद्धीवर आली नाही. मग किडन्यांनी काम सोडायला सुरुवात केली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की नागपूरला नेऊन डायलिसिसवर ठेवता येईल, काही दिवस निघतील, पण त्या शुद्धीवर येतील असं मी म्हणणार नाही. नेणार नसाल तर इथंच, किंवा घरी, त्यांना त्रास होणार नाही एवढं पाहू. तुम्ही ठरवा.

दादा म्हणाला, नागपूर. मी म्हणालो, नको. आणि मी तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, म्हणून तिथं दवाखान्याच्या बाकावर भावाला समजावू लागलो की साधारण उपाय आणि असाधारण उपाय यांत फरक असतो, ज्या उपायात रोग्याला भार जास्त नि लाभ नाही तो नाकारणं म्हणजे मारणं नव्हे, कॅथलिक विचारवंतांनी शतकानुशतकं हे मान्य केलं आहे. सगळं बरोबर होतं. दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुयं पुस्तक मायले मारून राहिलं." मग उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. लहानपणापासून एका ताटात जेवलेले आम्ही भाऊ आणि त्या घडीला तो माझ्याकडे बघेना.

मी मॅडमना फोन केला. त्या ऑटोनं आल्या. आधी आत जाऊन आईजवळ उभ्या राहिल्या, तिच्या कपाळावरचे केस सारखे केले, मग बाहेर येऊन आम्हा दोघांच्या मध्ये बसल्या. दादा म्हणाला, "मॅडम, मायचा तुमच्यावर जीव होता. आता तुमीच सांगा. तुमी म्हणान तसं करू."

मी निश्चिंत झालो होतो. मॅडमचा विचार मला माहीत होता, तो माझ्याच बाजूचा होता. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आधी विलासचं तुमी सांगा. मंग विलास तुमचं सांगन."

"त्याचं मी कावून सांगू?" दादा तडकला.

"मायसाठी सांगा."

दादानं फरशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो म्हन्ते का, मायले आता टोचनं, नळ्या टाकनं, गाडीत घालून नेनं, हे मायसाठी नाई. आपल्याले बरं वाटावं म्हून हाय." पुढे म्हणाला, "अन् तिचं आंग तिचं हाय, म्हन्ते. आपल्या मनाची समजूत काढाले ते वापरू नये."

हे मी म्हटलंच नव्हतं. मला जे म्हणायचं होतं आणि पुस्तकी शब्दांत सांगता आलं नव्हतं, ते दादानं सांगितलं होतं. मी कसाबसा म्हणालो, "हो, हेच."

मग माझी पाळी आली. मी म्हणालो, दादाला अजून आशा वाटते. दादा म्हणाला, "नाई. आशा नाई मले. डोये हायत मले." मी म्हणालो, गावात लोक काय म्हणतील याची त्याला भीती वाटते. "लोकायले कोन इचारते?" मी म्हणालो, आईची सेवा कमी पडली असं त्याला वाटतं. दादानं नुसती नकारार्थी मान हलवली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. वर्गात उत्तर न आलेल्या विद्यार्थ्याकडे बघायच्या तशाच, न रागावता, वाट बघत. मी दादाच्या हातांकडे पाहिलं. त्याच हातांनी तो रोज सकाळी आईला उठवून अंगणात खाटेवर बसवायचा. मी वर्षाकाठी चार सणांना यायचो.

मी म्हणालो, "मी अकोल्याला निघून जाईन. दादा घरी राहील. अंगणातली खाट रोज त्याला दिसेल. त्याला बाहेरचं कोणी काही विचारणार नाही. तो स्वतःलाच विचारेल की, प्रकाश, होतं तेवढं सगळं केलं का तू? आणि त्याला 'हो' म्हणता आलं पाहिजे."

दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हाव," तो म्हणाला. "हेच म्हन्तो मी."

तो सरकून माझ्या बाकावर येऊन बसला. तत्त्वज्ञानाचा प्रश्न होता तिथंच होता, पण भांडण संपलं होतं. मॅडमनी मग एवढंच सांगितलं की नागपूरला न्या की नेऊ नका, तिचं तोंड ओलं करणं, कूस बदलणं, अंग पुसणं, हात हातात धरणं, हे मात्र कोणत्याही परिस्थितीत थांबवायचं नाही, ते केलं तर सोडून दिलं असं होत नाही. दादानं पुन्हा विचारलं, "मंग नेऊ का नको नेऊ? एवढं सांगा नं मॅडम."

"ते मी नाही सांगणार, भाऊ. तुम्हाला दिसतं आहे. तुमच्या जागी मी पाहू शकत नाही."

दादा आत गेला. आईजवळ बराच वेळ बसून बाहेर आला आणि म्हणाला, "घरी नेऊ."

आम्ही तिला घरी नेलं. दादानं आणि वहिनीनं तिचं सगळं केलं, मीही केलं. एका दुपारी दादाच्या मांडीवर डोकं असताना ती गेली. मॅडम आल्या होत्या. आमची वंदना सुरू व्हायच्या आधी त्यांनी दादाजवळ जाऊन विचारलं, "माझी प्रार्थना मी मनातल्या मनात म्हटली तर चालेल का?" आमच्या घरात, आमच्या दुःखात, त्या परवानगी मागत होत्या. दादा म्हणाला, "मोठ्यानं म्हना. मायले तुमचा आवाज आवडे." मग वंदना झाल्यावर मॅडमनी आपली प्रार्थना म्हटली आणि आमच्या गावानं ती उभं राहून ऐकली.

आता आक्षेप. पुढे काही दिवसांनी दादा मॅडमच्या घरी गेला आणि तोंडावर बोलला, "मॅडम, निर्णय चुकला असं नाई म्हनत मी. पन तुमाले उत्तर ठाऊक होतं. तुमी सांगतलं असतं तं माह्या डोक्यावरचं वझं निम्मं झालं असतं. शिकल्या-सवरल्या मानसानं अडल्या येळी निम्मं वझं घ्याले नको का?" त्यानंतरच्या शनिवारच्या बैठकीत मॅडमनी स्वतः हा आक्षेप मांडला. दादाला समोर बसवून मांडला. दादा "हाव, हेच" म्हणेपर्यंत मांडला. विवेक ज्याचा त्यानंच चालवायचा हे खरं. पण माणूस एकटा पडलेला असताना त्याला "तू ठरव" म्हणणं ही करुणा की कठोरपणा? मॅडम शेवटी म्हणाल्या, "याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही. शोधते आहे." चाळीस-एक वर्षं नीतिशास्त्र शिकवलेल्या बाईंनी एका शेतकऱ्याला भरल्या बैठकीत हे सांगितलं. त्यांच्याकडून मी जे जे शिकलो त्यात हे मला सर्वांत मोठं वाटतं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी दादाला फोन करून विचारलं की तुझा आक्षेप छापू का, की आता मिटला?

"मिटला कावून? छाप," दादा म्हणाला. "मी अजूनई तेच म्हन्तो." मग म्हणाला, "पन एक सांगतो. परवा गावात दोघा भावायचं धुऱ्यावरून लागलं. दोघं माह्याकडं आले, म्हने तुमीच निकाल द्या. मी नाई देल्ला. म्हटलं, आधी त्याचं तू सांग, मंग तुयं तो सांगन."

"आणि?"

"बसले हायत दोघं. अजून सांगूनच राहिले."

आम्ही दोघंही हसलो. मॅडमना काय निरोप देऊ म्हणून मी विचारलं. मॅडमना उत्तम आरोग्य लाभो, त्यांची दृष्टी आणि स्मरण असंच तल्लख राहो, व्हरांड्यातली शनिवारची दुपार कधी रिकामी न जावो, असं मी माझ्या वतीनं आणि आम्हा सर्व विद्यार्थ्यांच्या वतीनं लिहिणारच होतो, आणि ते मनापासून लिहितो आहे. पण दादाचा निरोप माझ्यापेक्षा सरळ आहे, म्हणून शेवटी तोच देतो.

"मॅडमले सांग, माह्या सवालाचं उत्तर देल्ल्याबिगर कुठं जायाचं नाई."